नामांकन आणि वशिला

बनारस हिंदू विद्यापीठाच्या सिंहद्वाराबाहेर, लंका नावाच्या भागात, संध्याकाळी विद्यार्थ्यांची दाटी असते. तिथे परदेशी शिष्यवृत्त्यांचा विषय निघाला की एका मुद्द्यावर सगळ्यांचे एकमत असते. जिचा अर्ज विद्यार्थ्याला स्वतः करता येतो ती शिष्यवृत्ती खरी. जिच्यासाठी विद्यापीठाने नाव पाठवावे लागते ती आधीच कुणाला तरी देऊन झालेली. पुण्यातल्या अभ्यासिकांत आणि नागपूरच्या वसतिगृहांतही हेच ऐकू येते, आणि प्राध्यापक मंडळी खासगीत मान डोलावतात. मला हे मत चुकीचे वाटते. ज्या मुलांच्या कळवळ्याने ते मांडले जाते त्याच मुलांचे ते नुकसान करते, म्हणून त्याचा नीट समाचार घेणे भाग आहे.

चर्चा कशाची आहे ते आधी नेमके करू. परीक्षेतल्या गुणांबरोबर विद्यार्थ्याचे नेतृत्व पाहणाऱ्या पदव्युत्तर शिष्यवृत्त्यांचा एक वेगळा वर्ग आहे. त्यांतल्या काही थेट अर्ज घेत नाहीत. अमेरिकेत १९७५ साली कायद्याने स्थापन झालेल्या ट्रुमन शिष्यवृत्तीसाठी महाविद्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांतून साधारणपणे चार नावे पाठवायची असतात. जपानच्या सासाकावा निधीने १९८७ पासून वेगळी वाट धरली. त्यांनी जगभरच्या निवडक विद्यापीठांकडे प्रत्येकी दहा लाख डॉलर ठेव म्हणून सोपवले आणि विद्यार्थी निवडण्याचे कामही त्यांच्याकडेच दिले. भारतात जादवपूर विद्यापीठ आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठ त्यांत आहेत. राष्ट्रकुल शिष्यवृत्तीसाठी भारतीयांची नावे केंद्रीय शिक्षण मंत्रालयामार्फतही जातात. तपशील निरनिराळे आहेत, तत्त्व एक आहे: उमेदवाराबद्दल त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी जबाबदारीने बोलले पाहिजे.

आता पूर्वपक्ष. समोरच्याचे म्हणणे दुबळे करून मांडायचे आणि मग ते खोडायचे, हा काशीच्या शास्त्रार्थात दोष मानतात. म्हणून ते पूर्ण ताकदीने मांडतो. पहिला आक्षेप असा की नामांकन विभागप्रमुखाच्या हातात असते आणि तो आपल्या मर्जीतल्या मुलाचे नाव पाठवतो. दुसरा आक्षेप असा की गावाकडून आलेला, घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेला मुलगा शिक्षकांच्या ओळखीत येतच नाही. नोटीस लागली हे त्याला मुदत संपल्यावर कळते. तिसरा आक्षेप जातीचा आणि लिंगाचा. ज्यांच्या हाती शिफारस होती त्यांनी पिढ्यानपिढ्या आपल्यासारख्यांनाच पुढे काढले. ऱ्होड्स शिष्यवृत्ती १९७७ पर्यंत स्त्रियांना बंद होती, हे विसरता येत नाही.

चौथा आक्षेप सर्वांत जड आहे. संस्थेला आज्ञाधारक मुले आवडतात आणि नेतृत्व पुष्कळदा आज्ञाभंगातून सुरू होते. १९०५ साली पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, तेव्हा फर्ग्युसन कॉलेजने विनायक दामोदर सावरकरांना दहा रुपये दंड करून वसतिगृहाबाहेर काढले. पुढच्याच वर्षी ते शिवाजी शिष्यवृत्ती घेऊन लंडनला गेले. त्या शिष्यवृत्तीला कॉलेजचे नामांकन लागले असते तर त्यांचे नाव गेले असते का? गेले नसते, हे उघड आहे.

हे चारही आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहेत आणि त्यांतला एकही मी नाकारत नाही. पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष, म्हणजे नामांकन मोडून काढा आणि सगळे थेट अर्जावर सोपवा, हा त्यांतून निघत नाही. निघतो तो वेगळाच.

मुळात सिद्ध काय करायचे आहे? न्यायशास्त्राने ज्ञानाची चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. गणित येते की नाही हे उत्तरपत्रिकेत प्रत्यक्ष दिसते. नेतृत्व तसे दिसत नाही. निवड समितीपुढे वीस-पंचवीस मिनिटे बसलेल्या तरुणाकडे पाहून समिती फार तर अनुमान करते, आणि ते अनुमान बोलण्याच्या सफाईवर, कपड्यांवर, इंग्रजीच्या उच्चारावर घसरते. वसतिगृहात काविळीची साथ आली तेव्हा याने काय केले, निवडणुकीत हरल्यावर जिंकलेल्याबरोबर काम केले की नाही, कुणी पाहत नसताना हा कसा वागतो, हे ज्यांनी त्याच्याबरोबर तीन-चार वर्षे काढली तेच सांगू शकतात. इथे शब्दप्रमाणाला पर्याय नाही. आणि शब्दप्रमाण कुणाचे? वात्स्यायनाच्या भाष्यात उत्तर आहे. ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि ती जशी आहे तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, हेही तो भाष्यकार स्पष्ट करतो. म्हणजे आप्तता पदाने येत नाही आणि जन्मानेही येत नाही. जाणण्याने आणि खरे सांगण्याने येते. विद्यार्थ्याचा चेहराही न ओळखणारा अधिष्ठाता या कसोटीवर आप्त ठरत नाही. त्याच मुलाबरोबर प्रयोगशाळेत रात्री काढणारा साधा सहायक ठरतो.

पूर्वपक्षाचे चारही आक्षेप या कसोटीसमोर ठेवून पाहावेत. ते सगळे अनाप्ताच्या साक्षीवरचे आक्षेप आहेत. न जाणणाऱ्याने किंवा खरे न सांगणाऱ्याने दिलेली साक्ष टाकाऊ असते, हे कुणीही मान्य करील. त्यावरून साक्षच नको असे ठरत नाही. न्यायालयात खोटे साक्षीदार येतात म्हणून साक्षीपुरावा बंद करा, असे कुणी म्हणत नाही. साक्षीदाराची उलटतपासणी कडक करतात.

ऱ्होड्सचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. सेसिल ऱ्होड्स हा साम्राज्यवादी होता, आफ्रिकेतल्या लोकांवर त्याने केलेला अन्याय इतिहासात नोंदलेला आहे, आणि त्याच्या मृत्युपत्रातली नेतृत्वाची कल्पना मला मान्य नाही. पण आपली संपत्ती तरुणांवर खर्च करताना त्याने निवडीची जी रीत सुचवली ती वाचण्यासारखी आहे. विद्वत्तेचे गुण परीक्षेने द्यावेत. खेळातली आवड आणि माणुसकीचे गुण यांबद्दलचे गुण मात्र विद्यार्थ्याच्या सहाध्यायांनी मतदानाने द्यावेत. चारित्र्यबळ आणि नेतृत्वाची प्रवृत्ती यांचे गुण शाळेच्या मुख्याध्यापकाने द्यावेत. ज्याची वृत्ती लोकशाहीवादी मुळीच नव्हती अशा माणसालाही हे कळले होते की परीक्षेचा अधिकार एका ठिकाणी संपतो आणि तिथून पुढे बरोबर राहिलेल्यांना विचारावे लागते. आज नेतृत्वाचा शोध घेणाऱ्या किती संस्था उमेदवाराच्या वर्गमित्रांना विचारतात?

थेट अर्जाचा पुरस्कार करणारे समजतात की तिथे मध्ये कुणी नसते. असते, फक्त दिसत नाही. भारतासाठी ऱ्होड्स शिष्यवृत्ती १९४७ पासून आहे आणि इथे विद्यापीठाचे औपचारिक नामांकन लागत नाही. कागदोपत्री हे दार देशातल्या सगळ्या पदवीधरांना उघडे आहे. तरी दिल्लीच्या सेंट स्टीफन्ससारख्या मोजक्या महाविद्यालयांचा वाटा तिच्यात कायम मोठा राहिला. तिथली मुले जन्मतः अधिक हुशार नसतात. तिथे आधी गेलेले विद्यार्थी असतात, ते निबंधाचे खर्डे वाचून देतात. मुलाखतीचा सराव करून घेणारे शिक्षक असतात. शिफारसपत्र कसे लिहावे हे जाणणारा प्राध्यापक असतो, आणि त्याचे नाव निवड समितीला ठाऊक असते. हे सगळे नामांकनच आहे. फरक इतकाच की त्याची नोंद कुठे होत नाही, त्याबद्दल माहितीच्या अधिकारात अर्ज करता येत नाही, आणि ते कुणाला मिळाले नाही हे कधी कळत नाही. बलिया किंवा गाझीपूरहून बनारसला शिकायला आलेल्या मुलाला, हिंगोलीहून छत्रपती संभाजीनगरला आलेल्या मुलीला हे अदृश्य नामांकन मिळत नाही. दृश्य नामांकन मोडल्याने त्यांच्या पदरात काय पडणार? ज्यांच्याकडे अदृश्य आहे त्यांचीच सोय होणार. हल्ली निबंध लिहून देणाऱ्या, मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्या सल्लागारांचा धंदा बहरला आहे, त्याचे मूळ इथेच आहे. विद्यापीठाने जे काम फुकट करायचे ते त्याने सोडले की बाजारात त्याची किंमत लागते.

याच बनारसमधले एक उदाहरण मी पूर्ण आदराने देतो. विष्णु वासुदेव नारळीकर कोल्हापूरचे. मुंबईत बीएस्सी करून ते केंब्रिजला गेले, रँग्लर झाले, आणि मदनमोहन मालवीयांच्या बोलावण्यावरून १९३२ मध्ये, विशीतच, बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्रमुख झाले. त्यांचे चिरंजीव जयंत याच विद्यापीठाच्या आवारात वाढले. सेंट्रल हिंदू बॉइज स्कूलमध्ये शिकले, १९५७ मध्ये इथूनच बीएस्सी झाले आणि जे. एन. टाटा एन्डाउमेंटची शिष्यवृत्ती घेऊन केंब्रिजला गेले. ही शिष्यवृत्ती थेट अर्जाची. तिथे त्यांनी जे केले ते सर्वज्ञात आहे, आणि त्यांच्या प्रज्ञेला कुणाच्या शिफारशीची गरज नव्हती. पण त्या घरातले वातावरण आठवून पाहावे. वडील रँग्लर आणि विभागप्रमुख. घरात राहायला आलेले मोरूमामा हुजूरबाजार फळ्यावर खास या भाच्यासाठी गणिताची आव्हाने लिहून ठेवत. केंब्रिज म्हणजे काय, तिथे कसे जायचे, कुणाला लिहायचे, हे ज्या घरात जेवताना बोलले जाते त्या घरातल्या मुलाला थेट अर्ज पुरतो. त्याच आवारात, दोन-तीन फर्लांगांवर, वसतिगृहात राहणाऱ्या त्याच वयाच्या आणि कदाचित तितक्याच बुद्धीच्या मुलाला तो पुरला असता का? त्याच्यासाठी कुणीतरी उठून बोलायला हवे होते. जयंतरावांनी स्वतः ही उणीव ओळखली असावी असे मला त्यांच्या पुढच्या कामावरून वाटते. १९८८ साली पुण्यात त्यांनी उभी केलेली आयुका ही संस्था देशभरच्या विद्यापीठांतल्या शिक्षकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी आहे. मोठ्या संशोधनसंस्थांची ओळख नसलेल्या महाविद्यालयातल्या माणसाला तिथे येऊन काम करता यावे, हा तिच्या स्थापनेमागचा हेतू आहे.

आता सावरकरांच्या उदाहरणाकडे परत जाऊ, कारण पूर्वपक्षाचा तोच सर्वांत मोठा आधार आहे. कॉलेजने त्यांना शिक्षा केली हे खरे. पण शिवाजी शिष्यवृत्ती त्यांना मिळाली कशी? ती ज्यांच्या हाती होती त्या श्यामजी कृष्णवर्मांना लोकमान्य टिळकांनी पत्र लिहिले. या तरुणाला आपण ओळखतो, स्वदेशीच्या कामात तो उत्साही आहे, त्यापायी त्याने कॉलेजच्या अधिकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला, सरकारी नोकरी करण्याचा त्याचा विचार नाही आणि चारित्र्य चांगले आहे, असा त्या पत्राचा आशय होता. शिवराम महादेव परांजप्यांनीही शिफारस केली. म्हणजे इथेही निर्णय झाला तो साक्षीवर! कॉलेजने ज्याला गुन्हा मानला तोच टिळकांनी पात्रता म्हणून लिहिला. सावरकरांच्या पुढच्या राजकारणाबद्दल वाचकाचे मत काहीही असो, या पत्राबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. ते आप्ताचे पत्र होते. ज्याला ठाऊक होते त्याने ते लिहिले, नाव घालून लिहिले, आणि उमेदवाराला झालेली शिक्षा झाकली नाही. या प्रकरणातून धडा घ्यायचा तो असा की साक्षीदार निवडण्याचा अधिकार केवळ प्रशासनाकडे ठेवू नये.

दुसरे उदाहरण याहून मोठे आहे आणि ते जातीच्या आक्षेपाला थेट उत्तर देते. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत सत्कार झाला, आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले. केळुसकर विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेल्या या मुलाला त्यांनी पाहिले होते, त्याच्याशी बोलले होते, पुस्तके दिली होती. पुढे शिक्षण थांबण्याची वेळ आली तेव्हा केळुसकरांनीच त्याला सयाजीराव गायकवाडांकडे नेले. महिना पंचवीस रुपयांची मदत मिळाली, १९१२ मध्ये बीए झाले, आणि १९१३ मध्ये बडोदा संस्थानाने कोलंबिया विद्यापीठात पाठवायला निवडलेल्या विद्यार्थ्यांत त्यांचे नाव आले. तीन वर्षे, दरमहा साडेअकरा पौंड. परीक्षेच्या यादीत आंबेडकर अव्वल नव्हते. निव्वळ गुणांवर निवड झाली असती तर कुणा सुखवस्तू घरातला मुलगा पुढे गेला असता, आणि थेट अर्ज मागवले असते तर त्या काळात एका अस्पृश्य विद्यार्थ्याचा अर्ज कुणाच्या टेबलापर्यंत पोचला असता, याचा विचार करावा. ब्राह्मण नसलेल्या, पण समाजात मान असलेल्या एका शिक्षकाने आपले वजन त्याच्या बाजूने टाकले. साक्ष जातीच्या भिंती बांधायला वापरली गेली हे खरे आहे. ती भिंत ओलांडून माणूस पलीकडे नेण्याचे कामही तिनेच केले आहे, आणि आपल्या महाराष्ट्रात त्याहून मोठा पुरावा शोधायची गरज नाही.

कोचेरिल रामन नारायणन यांची गोष्टही याच वळणाची. केरळातल्या दलित कुटुंबातला हा विद्यार्थी टाटांच्या मदतीने लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेला आणि परतताना हेरॉल्ड लास्की यांनी नेहरूंना लिहिलेले पत्र त्याच्याजवळ होते. पुढे ते देशाचे राष्ट्रपती झाले.

मात्र केळुसकर भेटणे हा योग होता. प्रत्येक बागेत केळुसकर नसतात, आणि प्रत्येक संस्थानाला सयाजीराव लाभत नाहीत. म्हणूनच हे काम एकट्या सज्जनाच्या चांगुलपणावर सोडू नये, विद्यापीठाने ते आपले कर्तव्य म्हणून करावे, असे माझे म्हणणे आहे. नामांकनाची अट घालणारी शिष्यवृत्ती विद्यापीठाला हेच सांगत असते: तुमच्याकडे हजारो मुले आहेत, त्यांतली कोण कशी आहेत हे जाणून घ्या. ट्रुमनसारख्या योजनेत ज्या महाविद्यालयाला चार नावे पाठवायची असतात त्याला त्यासाठी एक शिक्षक नेमावा लागतो, इच्छुकांना बोलवावे लागते, त्यांचे लिखाण वाचावे लागते. शेवटी चौघांची नावे जातात, पण त्या निमित्ताने आणखी कितीतरी जणांकडे कुणीतरी पहिल्यांदा नीट पाहिलेले असते. थेट अर्जात हे घडत नाही. तिथे विद्यार्थी एकटा अर्ज करतो आणि एकटाच नकार वाचतो.

नाव पाठवणारा बांधला जातो, हाही एक लाभ आहे. काशीत ही रीत जुनी आहे. १६५७ साली विश्वेश्वराच्या मुक्तिमंडपात पंडितांची सभा भरली आणि कोकणातल्या देवरुखे ब्राह्मणांच्या दर्जाबद्दल निर्णयपत्र निघाले. त्याच्याखाली सत्तरांहून अधिक पंडितांच्या सह्या आहेत. ज्या प्रश्नावर ती सभा बसली तो प्रश्नच मला आज त्याज्य वाटतो. पंक्तीला कोणी कुणाबरोबर बसावे हे ठरवण्यासाठी एवढी विद्या खर्ची पडावी याचे दुःख होते, आणि त्या मंडपात स्त्रीला किंवा ब्राह्मणेतराला आवाज नव्हता. पण सभा उघड्यावर भरली आणि प्रत्येकाने आपले नाव घालून मत दिले, एवढा भाग घेण्यासारखा आहे. आजच्या विद्यापीठात नामांकन बंद खोलीत होते आणि कागदावर एकच सही असते, तेव्हा साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या सभेपेक्षाही आपण मागे असतो. सभा रुंद करायची आहे, सह्या मात्र तशाच उघड ठेवायच्या आहेत.

इथे एक मर्यादा मान्य केली पाहिजे. सगळ्या शिष्यवृत्त्यांना हे लागू नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे. त्या हक्काच्या आहेत. तिथे विद्यार्थी आणि शासन यांच्यामध्ये कोणताही विभागप्रमुख येऊ नये; आला तर तो अन्याय. हक्क सिद्ध करायला चारित्र्याची साक्ष लागत नाही. मी बोलतो आहे ते ज्या शिष्यवृत्त्या उद्याच्या कामाचा भरवसा शोधतात त्यांबद्दल. या दोन प्रकारांची गल्लत झाली की हक्काच्या ठिकाणी मेहेरबानी शिरते आणि भरवशाच्या ठिकाणी कोरडी टक्केवारी.

मग नामांकन कसे व्हावे? बनारस हिंदू विद्यापीठाचेच उदाहरण घेऊ, कारण त्याचा पसारा डोळ्यांसमोर आणता येतो. मुख्य आवार तेराशे एकरांचे. मिर्झापूर जिल्ह्यात बरकछाला दक्षिण परिसर. आवारातच महिला महाविद्यालय. गावात राजघाटला वसंत कॉलेज, कमच्छाला वसंत कन्या महाविद्यालय. नोटीस कुलसचिवांच्या कार्यालयाबाहेर लागली म्हणजे ती प्रसिद्ध झाली असे अशा ठिकाणी म्हणता येणार नाही. ती बरकछाच्या शेतकीच्या विद्यार्थ्याला आणि राजघाटच्या मुलीला एकाच दिवशी, हिंदीतही, आणि मुदतीच्या दोन महिने आधी मिळाली पाहिजे. निवडीला बसणाऱ्यांत विद्याशाखेबाहेरचे शिक्षक हवेत, गेल्या वर्षी ज्याचे नाव गेले आणि ज्याचे गेले नाही असे दोन्ही विद्यार्थी हवेत. शिस्तभंगाची नोंद असलेल्या मुलाला त्या कारणावरून वगळू नये. त्याने काय केले आणि का केले, हे त्याला विचारावे. कोणते नाव का पाठवले आणि कोणते का पाठवले नाही याची कारणे दोन-दोन परिच्छेदांत लिहून ठेवावीत, आणि ती ज्याची त्याला दाखवावीत. एवढे केले की वशिल्याला जागा फार थोडी उरते, कारण वशिला लिहून दाखवता येत नाही.

शिफारसपत्राबद्दल मात्र अधिक कठोर बोलणे आवश्यक आहे. आपल्या देशात एक रूढी पडली आहे आणि ती जवळजवळ सर्वत्र आहे. विद्यार्थी पत्र मागायला गेला की सर सांगतात, 'तूच लिहून आण, मी सही करतो.' विद्यार्थी इंटरनेटवरचा नमुना उतरवतो. त्यात तो परिश्रमी असतो, नम्र असतो, समूहात काम करणारा असतो आणि जन्मजात नेता असतो. खाली सही आणि शिक्का. ही खोटी साक्ष आहे. ती देणाऱ्याने आपली आप्तता विकलेली नसते, तर फुकट टाकून दिलेली असते. परदेशातल्या निवड समितीला अशी पत्रे वाचून भारतीय शिक्षकांच्या शब्दाची किंमत कळते, आणि तो तोटा पुढच्या प्रत्येक विद्यार्थ्याला भरावा लागतो. नामांकनावरचा लोकांचा विश्वास उडाला तो मुख्यतः इथे. लंकेवरच्या त्या मुलांना मी दोष देत नाही. त्यांनी स्वतःबद्दलची साक्ष स्वतःच टंकलेली आहे, मग साक्षीवर त्यांचा विश्वास कसा बसावा?

खरे पत्र एका प्रसंगावर उभे राहते. अमुक साली गंगेला पूर आला, अस्सीकडच्या वस्तीत पाणी शिरले, या मुलीने वसतिगृहातून किती जणींना घेऊन तिथे शाळा चालवली, ती किती दिवस टिकली, कशी मोडली, मोडल्यावर तिने काय केले, असे ज्या पत्रात आहे ते पत्र वाचणारा थांबतो. असे लिहायला शिक्षकाला ती मुलगी ठाऊक असावी लागते. ती ठाऊक नसेल तर त्याने तसे स्पष्ट सांगून तिला दुसऱ्या कुणाकडे पाठवावे. तेवढा प्रामाणिकपणाही तिच्या उपयोगी पडतो.

नामांकन रद्द करा या मागणीला म्हणून माझा विरोध आहे. ती मागणी मान्य झाली तर विद्यापीठे एका अवघड कामातून सुटतील, आणि त्यांना सोडवण्याचे पुण्य नेमके त्यांच्या पदरी पडेल जे आज विद्यापीठांवर चिडलेले आहेत. विद्यार्थ्यांनी मागायचे असेल तर उघडी नोटीस, लेखी कारणे आणि सहाध्यायांचा आवाज मागावा. महाराष्ट्रातल्या आणि बनारसमधल्या शिक्षकांना माझी विनंती एवढीच आहे: या वर्षी एका तरी विद्यार्थ्याचे पत्र स्वतः लिहा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि त्यात तुम्ही डोळ्यांनी पाहिलेली एक तरी गोष्ट घाला.